जुनी मॅटाडोर, घरचा पाना आणि गॅरेजचा उस्ताद

आषाढीच्या आधी शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड करत पंढरपूरला जाते. त्या दिवसांत पालखीसोबत आणि गावोगावच्या दिंड्यांमागे चालणारी वाहनं थांबून बघावीत. आत अंथरुणं-पांघरुणं, पातेली, शेगडी, पाण्याची टाकी, औषधांची पेटी; टपावर ताडपत्री. मुक्कामाला पोचून मागचं दार उघडलं की लगेच चहाचं आधण चढतं. चाकांवरचा संसार आपल्याकडे नवा नाही. नवी आहे ती हौस: जुनी गाडी घ्यायची, तिच्यात पलंग, ओटा, पंखा बसवायचा आणि सुट्टीत येलदरीच्या धरणाकडे नाहीतर धारासूरच्या गुप्तेश्वराकडे घरच्यांना घेऊन निघायचं. राज्य सरकारनेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे हौसेला थोडी प्रतिष्ठाही मिळाली.

गाडी जुनी असली की तिच्यासोबत दुरुस्ती घरात येते. मग प्रश्न पडतो, आपण स्वतः पाना हातात घ्यायचा की दर वेळी गॅरेज गाठायचं? परभणीसारख्या जिल्ह्यात याचं उत्तर पुण्या-मुंबईपेक्षा वेगळं निघतं आणि ही हौस जिथे मुरली त्या युरोप-अमेरिकेपेक्षा तर फारच वेगळं.

आधी गाडीची ओळख. आपल्याकडे जुनी व्हॅन म्हटलं की मॅटाडोर. १९५८ मध्ये नवलमल फिरोदियांनी बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली. हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीचा तीनचाकी टेम्पो आधी भारतात बनू लागला. पुढे कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला आला आणि १९६९ च्या सुमारास तिथून मॅटाडोर रस्त्यावर आली. १९८० च्या दशकात तिला मर्सिडीज-बेंझच्या परवान्याखाली बनलेलं ओएम ६१६ हे इंजिन मिळालं: २.४ लिटर, चार सिलिंडर, डिझेल. याच घराण्याचं इंजिन मर्सिडीजच्या २४० डी मोटारीत होतं आणि जर्मनीतल्या टॅक्सीवाल्यांनी ते लाखो किलोमीटर पळवलं. शाळेची गाडी, रुग्णवाहिका, वऱ्हाडाची गाडी, भाजीची गाडी अशी सगळी कामं मॅटाडोरने केली. १९८७ नंतर टेम्पो ट्रॅव्हलरने तिची जागा हळूहळू घेतली. २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, तोवर मॅटाडोर जुन्या गाड्यांत जमा झाली होती.

जगभरच्या हौशी लोकांची लाडकी गाडी म्हणजे फोक्सवॅगनची व्हॅन. १९५० मध्ये ती बनू लागली आणि शेवटची ब्राझीलमध्ये २०१३ च्या अखेरीस बनली. तिचं आणि आपल्या मॅटाडोरचं जुनं नातं आहे. १९४९ मध्ये जर्मनीत निघालेल्या पहिल्या मॅटाडोरला फोक्सवॅगनच्या बीटल मोटारीचंच इंजिन होतं. फोक्सवॅगनची स्वतःची व्हॅन आली आणि दोनेक वर्षांत तो पुरवठा थांबला. पुढे दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या. एकीच्या पाठीमागे बरीच वर्षं हवेवर थंड होणारं पेट्रोल इंजिन राहिलं, दुसरी डिझेलवर आली.

स्वतः दुरुस्ती करण्याचा जो पंथ अमेरिकेत निर्माण झाला, त्याचा मोठा आधार म्हणजे जॉन म्यूर या इंजिनिअरने १९६९ मध्ये स्वतः छापलेलं पुस्तक, ‘हाऊ टू कीप युवर फोक्सवॅगन अलाइव्ह’. कधीही पाना न धरलेल्या माणसाला हाताशी धरून इंजिन उतरवायला शिकवणारं हे पुस्तक पीटर अॅशवँडनच्या चित्रांमुळे आणखी गाजलं. पण त्या पंथामागे हौसेबरोबर हिशेबही होता आणि तो आपण नीट समजून घ्यायला हवा. जर्मनीत गॅरेजची मजुरी तासावर लागते आणि तो तास शंभर युरोंच्या पुढे जातो. उलट पार्ट भरपूर. जुन्या फोक्सवॅगनचं पाऊल ठेवायचं रबरसुद्धा नवं बनवून विकणारे लोक तिकडे आहेत. पार्ट मिळतो, हात महाग आहे. म्हणून मालक स्वतःचे हात वापरतो.

परभणीत हे बरोबर उलटं आहे. मजुरी परवडते. दिवसभर गाडीखाली राबलेल्या मिस्त्रीचे पैसे बहुतेक वेळा पार्टच्या बिलाहून कमी भरतात. अवघड आहे ते पार्ट मिळवणं, आणि त्यातही एक गंमत आहे. इंजिनचा पार्ट मिळतो. कारण हेच ओएम ६१६ कुटुंबातलं इंजिन याच कंपनीच्या ट्रॅक्समध्ये आलं आणि ट्रॅक्स मराठवाड्यात काळी-पिवळी म्हणून वर्षानुवर्षं धावली. पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर या रस्त्यांवर तिने माणसं वाहिली, म्हणून लायनर-पिस्टन, हेड गॅस्केट, वॉटर पंप, नोझल या गोष्टी दुकानदाराच्या फळीवर राहिल्या. मिळत नाही ती मॅटाडोरच्या दाराची मूठ. पुढच्या काचेचं रबर, खिडकीची सरकपट्टी, दिव्याची कड यासाठी भंगारवाले धुंडाळावे लागतात. म्हणजे आपल्याकडे इंजिन दगा देत नाही, पत्रा दगा देतो.

मग मजुरी स्वस्त असताना आपण हात काळे का करायचे? माझं उत्तर असं: पैसे वाचवायला करू नका, अंतरासाठी करा. गॅरेज परभणीत आहे आणि गाडी बंद पडते चारठाण्याच्या पुढे, संध्याकाळी सातला. जिंतूर परभणीहून चाळीसेक किलोमीटर, गंगाखेडही तेवढंच. परभणीहून मिस्त्री आणायचा म्हणजे एक रात्र गेली. ज्या कामांसाठी मशीन लागत नाही, फक्त दोन पाने आणि डोकं लागतं, ती कामं मालकाला यायलाच हवीत. आणि ती एकदा आली की दुसरा फायदा आपोआप होतो. गॅरेजला गेल्यावर आपण काय बोलतोय ते आपल्याला कळतं.

यातलं पहिलं काम म्हणजे डिझेलच्या लाइनमधली हवा काढणं. ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्याला हे शिकवायला नको. आपल्या जिल्ह्यात अशी घरं पुष्कळ आहेत आणि ही आपली मोठी जमेची बाजू आहे. शहरातला मोटारमालक जिथे घाबरतो तिथे शेतकऱ्याचा मुलगा बाही वर करतो. तरी तत्त्व सांगतो, कारण तत्त्व कळलं की क्रम पाठ करावा लागत नाही. डिझेल दाबलं तरी आकसत नाही, म्हणून पंपाने मागून ढकललं की पुढे नोझलमधून तेवढंच बाहेर पडतं. हवा मात्र आकसते. लाइनमध्ये बुडबुडा असला की पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यात जातो आणि नोझल उघडतच नाही. सेल मारला की इंजिन फिरतं, पण पकडत नाही.

टाकी कोरडी झाली, फिल्टर बदलला, किंवा जुनी रबरी नळी चिरली की हवा शिरते. काढायची ती टाकीच्या बाजूने पुढे सरकत. टाकीत डिझेल आहे याची खात्री करा. फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा स्क्रू दोन आटे सैल करा आणि फीड पंपाचा हातपंप अंगठ्याने दाबत राहा. आधी फेस येतो. मग बुडबुडे मोठे होतात, तुटक येतात, आणि मग एकदम गुळगुळीत, सलग धार लागते. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. हातपंप थांबल्यावर आवळला तर हवा पुन्हा आत ओढली जाते. नव्या माणसाचं नेमकं इथेच चुकतं. तसंच पुढे पंपावरच्या स्क्रूचं. तरीही गाडी घेत नसेल तर नोझलला जाणाऱ्या पाइपांचे नट अर्धा आटा सैल करून सेल मारायचा. नटाशी डिझेल ओलं दिसू लागलं की आवळायचं. इंजिन एका सिलिंडरवर धडधडतं, मग दोन, मग चारही पकडतात. तो आवाज ऐकताना होणारा आनंद ज्याने घेतला त्यालाच ठाऊक.

इथे एक इशारा मनापासून देतो. सैल नटाजवळ किंवा उघड्या नोझलसमोर बोट नेऊ नका. या इंजिनाची नोझल शंभराहून अधिक बार दाबाला उघडते. मोटारीच्या टायरात दोन-अडीच बार असतो, यावरून अंदाज घ्या. तिचा बारीक फवारा कातडीतून आत शिरतो. वरून सुईचं टोचल्यासारखं दिसतं आणि आत डिझेल पसरत जातं. अशी इजा झाली तर हळद लावून घरी बसायचं नाही, तातडीने शस्त्रक्रिया होईल असं रुग्णालय गाठायचं.

दुसरं काम पाण्याचं. परभणीचा मे महिना ४४ अंशांच्या आसपास जातो आणि जुन्या गाडीचा जीव रेडिएटरमध्ये असतो. आपल्याकडे सवय अशी की पाणी कमी झालं की बोअरचं ओतायचं. आपल्या काळ्या दगडातलं पाणी जड. त्यातला क्षार तापल्यावर नळ्यांच्या आतून बसतो, जसा पाणी तापवायच्या बंबात बसतो तसाच. बाहेरून रेडिएटर चकचकीत आणि आतून निम्म्या नळ्या बुजलेल्या, अशी गाडी घाटात किंवा भर दुपारी हीट होणारच. बॅटरीसाठी मिळतं तसं शुद्ध पाणी आणि कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात कूलंट, हा खर्च वर्षातून एकदाचा आहे आणि हेड वाचवणारा आहे. फॅन बेल्टचा ताण, होसच्या क्लिपा, रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कापसाचा धागा आणि धूळ हे मालकाने दर लांबच्या प्रवासाआधी स्वतः बघावं. पाच मिनिटं लागतात.

आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. झाकण आतला दाब धरून ठेवतं. हवेच्या दाबापेक्षा एक बार जास्त दाब असेल तर पाणी शंभरऐवजी १२० अंशांजवळ उकळतं. झाकण फिरवलं की दाब एकदम उतरतो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. गाडी बाजूला घ्या, थांबा, चहा करा; सोय तर गाडीतच आहे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणंही तितकंच वाईट, त्याने हेडला तडा जातो.

उन्हाळ्याइतकाच आपला हिवाळाही गाडीची परीक्षा बघतो. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा राज्यातल्या सर्वात कमी आकड्यांत असतो, हे कृषी विद्यापीठाच्या नोंदींवरून दर वर्षी वर्तमानपत्रांत येतं. ओएम ६१६ मध्ये डिझेल सरळ सिलिंडरमध्ये न पडता आधी एका छोट्या कोठडीत पडतं आणि थंडीत त्या कोठडीच्या भिंती उष्णता खाऊन टाकतात. म्हणून हीटर प्लग लागतात. काही जुन्या जोडणीत चारही प्लग एकाच माळेत असतात. एक जळाला की चारही थंड. साध्या टेस्ट लॅम्पने प्लगामागून प्लग तपासत गेलं की मेलेला सापडतो. हे न करता पहाटे सेल मारमारून बॅटरी उतरवणारे आणि मग धक्का मारायला माणसं गोळा करणारे बघितले की वाईट वाटतं.

ऑईल, फिल्टर, ग्रीस, टायरची हवा, बॅटरीची टोकं, फ्यूज, वायपर यांबद्दल जास्त लिहीत नाही. ती कामं मालकाचीच. फक्त एअर फिल्टरकडे लक्ष द्या. काळ्या मातीची उन्हाळ्यातली धूळ पिठासारखी बारीक असते. ऑईल बाथ फिल्टर असेल तर तळाला साचलेला चिखल काढून भांडं डिझेलने धुवा आणि खुणेपर्यंतच नवं ऑईल भरा. धूळ सिलिंडरमध्ये गेली की लायनर खाल्लं जातं आणि ते काम हातपान्याचं राहत नाही.

आता थांबायचं कुठे?

मराठवाड्यातल्या गॅरेजांत मुख्य मिस्त्रीला पोरं उस्ताद म्हणतात. एका उस्तादाने मला सांगितलेली हद्द मी आजवर पाळतो: “हवा काढा, नट आवळा, पाहिजे ते करा, पंपाला तेवढा हात लावू नका.” त्याचं कारण मोजमापाचं आहे. डिझेल पंपातला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. घरच्या ओट्यावर, धुळीच्या वाऱ्यात तो पंप उघडला की तो गेलाच. शिवाय चारही सिलिंडरना सारखं डिझेल जातंय की नाही हे टेस्ट बेंचवर लावूनच कळतं. ते पंपवाल्याचं काम आणि तिथे पैशाची घासाघीस करू नये. क्रँक घासणं, बोअर करणं, हेड लेव्हल करणं हे लेथवाल्याचं. चेसीचं वेल्डिंगही घरी नाही. आणि कोणाकडूनही वेल्डिंग करून घेताना बॅटरीच्या तारा काढून ठेवायला सांगा, नाहीतर अल्टरनेटर जळतो.

ब्रेक ही सीमेवरची गोष्ट. बघणं मालकाचं, करणं मिस्त्रीचं, असं माझं मत. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसते का, पेडल स्पंजासारखं लागतं का, भांड्यातलं ब्रेक ऑईल उतरतंय का, हे दर आठवड्याला बघा. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषून घेतं. नवं डॉट ३ ऑईल २०५ अंशांच्या वर उकळतं. पाणी मुरल्यावर तो आकडा १४० पर्यंत खाली येऊ शकतो. भरलेली गाडी परळी-अंबाजोगाईकडचा घाट उतरताना ड्रम तापतात, ऑईलला उकळी फुटते, लाइनमध्ये वाफ होते आणि पेडल तळाला जातं. मघाचाच नियम: वाफ आकसते. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑईल बदलायचं, गाडी उभीच असली तरी. त्या भांड्यात चुकून इंजिन ऑईल गेलं तर सगळी रबरं फुगतात. आणि जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ड्रमची धूळ हवेच्या झोताने उडवू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसायला सांगा. पोरांच्या फुप्फुसांचा प्रश्न आहे. जॅकवर उचललेल्या गाडीखाली, चाकाला दगड आणि चेसीखाली लाकडी ठोकळा न लावता, कोणीही शिरायचं नाही, हेही त्याच तळमळीने सांगतो.

गॅरेज म्हणजे एक छप्पर, असं शहरात वाटतं. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तसं असतंही. काउंटरवर किल्ली द्यायची, संध्याकाळी बिल घ्यायचं. जिल्ह्याच्या गावात जुन्या गाडीचं गॅरेज हे खरं तर आठ-नऊ माणसांत वाटलेलं असतं. इंजिनचा उस्ताद, पंपवाला, लेथवाला, रेडिएटरवाला, कमानपाट्यांचा लोहार, वायरमन, डेंटर, पेंटर, सीट शिवणारा. प्रत्येकाचं दुकान वेगळ्या रस्त्याला. हेड उतरलं की ते पोत्यात बांधून मोटारसायकलवर लेथकडे जातं. या सगळ्यांना जोडणारा दुवा म्हणजे मालक. तो जाणकार असेल तर काम दोन दिवसांत निघतं, नसेल तर गाडी पंधरा दिवस विटांवर उभी राहते आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. “मी करू की गॅरेज करील” असा वाद घालण्यापेक्षा हे जोडणं शिकावं. तीच मालकाची खरी कारागिरी आहे, असं मला वाटतं.

चांगला उस्ताद आधी पाना काढत नाही. मी बघितलेला एक जण लांब स्क्रूड्रायव्हर घेतो, टोक इंजिनच्या ठोकळ्यावर टेकवतो, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावतो आणि डोळे मिटतो. टोक टॅपेट कव्हरवर, मग वॉटर पंपावर, मग अल्टरनेटरवर. पोराला हाताने खूण करतो: रेस वाढव, सोड. मग एकेका नोझलचा नट सैल करून बघतो. ज्याचा सैल केल्यावर इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, ते सिलिंडर काम करत नाही. दहा मिनिटांत दुखणं सापडतं आणि एकही नट फुकट उघडलेला नसतो. अशा माणसाकडे जाऊन “पिस्टन बदलायचेत” असं सांगू नये. लक्षणं सांगावीत. धूर काळा की निळा की पांढरा? काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा असेल तर ऑईल जळतंय, गाडी तापल्यावरही दाट पांढरा येत असेल तर सिलिंडरमध्ये पाणी जात असण्याची शंका. आवाज थंड असताना येतो की तापल्यावर? चढाला की उताराला? कधीपासून? डॉक्टरला सांगतो तसं सांगा, औषध त्याला ठरवू द्या.

आणि शक्य असेल तर काम चालू असताना तिथे थांबा. मध्ये-मध्ये न बोलता. पाना पुढे करा, दिवा धरा. शिकायचं असेल तर परभणीत याहून चांगली शाळा नाही. काढलेला जुना पार्ट मागून घ्या आणि तो कुठे झिजलाय ते विचारा. पार्ट तुम्ही आणणार असाल तर जुना नमुना सोबत न्या, कारण मॅटाडोर, ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलरचे पार्ट दिसायला सारखे आणि मापाला वेगळे निघतात. घरी आल्यावर वहीत लिहा: तारीख, किलोमीटर, काय बदललं, कुठल्या मापाचं, कुठून घेतलं. लायनर किंवा क्रँकची बेअरिंग कुठल्या साइजला गेलीत हे लिहून ठेवलं नाही तर पुढच्या वेळी सगळं उघडूनच कळणार.

गाडीत घर बसवताना हौशी माणूस जास्त धीट होतो, आणि तिथेच त्याने बिचकायला हवं. गॅसचं उदाहरण घ्या. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. गळती झाली तर तो वर उडून जात नाही, पलंगाखालच्या कप्प्यात साठतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं, नळी आयएसआय मार्कची हवी आणि झोपताना रेग्युलेटर बंद हवा. खिडक्या लावून आत शेगडी पेटवून ऊब घेणं जीवावर बेतू शकतं, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पंखा-दिव्यांसाठी दुसरी बॅटरी लावली तर फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा. दिव्याजवळचा फ्यूज मधल्या तारेला वाचवत नाही. तार पत्र्यातून जाते तिथे रबर बसवा, पत्र्याची धार वर्षभरात आवरण कापते. हे काम वायरमनकडून करून घेतलं तरी आराखडा कागदावर काढून घ्या.

कायद्याचंही बघावं लागतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांत मनमानी बदल चालत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस १२४ हा वेगळा मापदंड आहे. काढता-घालता येणारा पलंग ठेवणं वेगळं आणि छत कापून उंच करणं वेगळं. छताला करवत लावण्याआधी एमएच २२ च्या आरटीओत जाऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या. विमा कंपनीलाही कळवा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर पाच-पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, तेव्हा पासिंगला ब्रेक, दिवे, धूर सगळं बघतात. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांपुढच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. संसार घेऊन फिरणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

मला काळजी वाटते ती उस्तादांची. आयटीआयमध्ये आजही मेकॅनिक डिझेलचा एक वर्षाचा आणि मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, मुलं हुशार आहेत. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ गाड्या आल्या आणि गॅरेजचं मुख्य हत्यार स्कॅनर झालं. नव्या मुलाने गाडीला वायर जोडायची, पडद्यावर कोड वाचायचा. ओएम ६१६ ला वायर जोडायला जागाच नाही. त्याचं दुखणं कानाने, वासाने, धुराच्या रंगाने ओळखावं लागतं. ते ज्यांना येतं ते आता साठीच्या पुढे आहेत. जुनी गाडी बाळगणाऱ्याने त्यांच्याकडून शिकून घ्यावं, मोबाइलवर त्यांच्या हाताची चित्रफीत काढावी, आपल्या गाडीचं काम चालू असताना आयटीआयच्या एखाद्या मुलाला शेजारी उभं करावं आणि त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत.

पार्टची घाई मात्र याच वर्षी करायला हवी. ट्रॅक्सच्या जुन्या काळ्या-पिवळ्या रस्त्यावरून कमी होत चालल्या आहेत आणि दुकानदार न खपणारा माल फळीवर ठेवत नाही. एक हेड गॅस्केट, वॉटर पंपाचं किट, फॅन बेल्ट, वर-खालचे दोन्ही होस, हीटर प्लगचा एक संच, फीड पंपाचं किट, क्लच प्लेट एवढं घेऊन ठेवा. गॅस्केट सपाट फळीवर आडवं ठेवा, उभं ठेवलं तर वाकतं. रबराला ऊन आणि डिझेलचा वास दोन्ही सोसत नाही. ते कापडात गुंडाळून घरातल्या गार खोलीत राहू द्या. ब्रेकची रबर किट मात्र साठवू नका, ती लागेल तेव्हा ताजीच घ्या आणि पाकिटावरची तारीख दुकानात उभं राहूनच वाचा.